सुप्त एचआयव्ही : किल्ली आपल्याच पेशीत

पंधरा-एक वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेला आणि आता एका पतसंस्थेत हिशेबनीस असलेला माझा एक जुना विद्यार्थी काही दिवसांपूर्वी घरी आला होता. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला एक कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्याच्या रक्ततपासणीचा तो अहवाल होता. त्याला एचआयव्हीची बाधा आहे हे मला ठाऊक होते. सात वर्षांपूर्वी ते कळले तेव्हा ज्या दोघातिघांना त्याने विश्वासात घेतले त्यांत मी एक होतो. अहवालात विषाणूंच्या संख्येपुढे 'आढळले नाहीत' असा शेरा होता. तो म्हणाला, "सर, गेली सहा वर्षे दर वेळी हेच उत्तर येते. विषाणू सापडतच नसेल, तर रोज रात्री नऊची गोळी कशासाठी? आणि ती बंद तरी केव्हा होणार?"

प्रश्न हिशेबनिसाला शोभणारा होता. खात्यावर देणे शून्य दिसत असेल, तर हप्ता कसला भरावयाचा? प्रस्तुत लेखक जीवशास्त्राचा अभ्यासक नव्हे; अर्थशास्त्र शिकवणे हा त्याचा व्यवसाय. तथापि या प्रश्नाचे उत्तर शोधण्याच्या निमित्ताने जे वाचावयास मिळाले, ते या एका तरुणापुरते मर्यादित नाही असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच. (त्याचा उल्लेख त्याच्या संमतीनेच केला आहे.) संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक यंत्रणेच्या अंदाजानुसार २०२४ च्या अखेरीस जगात ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांपैकी ३ कोटी १६ लाख लोकांना औषधे मिळत होती. भारतात अशा लोकांची संख्या पंचवीस लाखांच्या घरात आहे आणि त्यांत सर्वाधिक, म्हणजे सुमारे चार लाख, महाराष्ट्रातील आहेत. या साऱ्यांनाच औषध जन्मभर घ्यावे लागते. ते का, याचे उत्तर गेल्या तीस वर्षांच्या संशोधनातून हळूहळू स्पष्ट होत आले आहे. त्याचे सार असे की, औषधांच्या आटोक्यात न येणारा विषाणू झोपलेला असतो आणि त्याला निजवणारी व उठवणारी यंत्रणा बहुतांशी आपल्याच पेशीतील प्रथिनांची असते.

साठा आणि प्रवाह

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला साठा आणि प्रवाह यांतील भेद शिकवावा लागतो. धरणातील पाणी हा साठा, कालव्यातून वाहणारे पाणी हा प्रवाह. कालवा कोरडा दिसला म्हणजे धरण रिकामे झाले असे नव्हे. माझ्या विद्यार्थ्याच्या अहवालात मोजलेला होता तो प्रवाह. साठ्याविषयी तो अहवाल काहीच सांगत नव्हता.

एचआयव्हीचा सारा जनुकीय मजकूर सुमारे ९ हजार ७०० अक्षरांचा आहे. रोगप्रतिकारक व्यवस्थेतील 'सीडी-४' नावाच्या पांढऱ्या पेशीत शिरल्यावर हा विषाणू आपला मजकूर डीएनएच्या लिपीत उतरवतो आणि पेशीच्या गुणसूत्रात, सुमारे तीन अब्ज अक्षरांच्या आपल्या मजकुराच्या मध्येच, घुसडून देतो. यानंतर ती पेशी बहुधा विषाणूंचा कारखाना बनते आणि एकदोन दिवसांत नष्ट होते. १९९६ पासून प्रचारात आलेल्या संयुक्त औषधोपचाराने नव्या पेशींना होणारी लागण थांबवली. काही महिन्यांतच रुग्णांच्या रक्तातील विषाणू दिसेनासे झाले. दोन-तीन वर्षे औषधे घेतली की रोग समूळ जाईल, असा हिशेब त्या वेळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही मांडला होता.

हा हिशेब १९९७ मध्येच चुकीचा ठरला. अमेरिकेतील तीन संशोधक-गटांनी त्या वर्षी दाखवून दिले की, औषधे नियमित घेणाऱ्या रुग्णांच्या काही विश्रांत पेशींत विषाणू जिवंत शिल्लक असतो. या 'स्मृतिपेशी' होत. लहानपणी येऊन गेलेल्या रोगाची आठवण शरीराने आयुष्यभर जपावी यासाठी निसर्गाने त्यांना दीर्घायुष्य दिले आहे. लागण झालेली एखादी पेशी मरण्याऐवजी अशा विश्रांत अवस्थेत गेली, की तिच्याबरोबर विषाणूचा मजकूरही निद्रिस्त होतो. तो एकही प्रथिन तयार करत नाही. त्यामुळे प्रतिकारव्यवस्थेला तो दिसत नाही आणि औषधांना त्याचे काही करता येत नाही. नव्याने शिरू पाहणाऱ्या विषाणूला ही औषधे अडवतात. जो आधीच घरचा झाला त्याला ती कशी हटवणार?

अशा पेशी फार नसतात. दहा लाख विश्रांत पेशींत सुमारे एक, एवढेच त्यांचे प्रमाण. तथापि औषधोपचार चालू असताना हा साठा निम्म्याने घटण्यास सरासरी ४४ महिने लागतात, असे २००३ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात आढळले. शरीरात अशा दहा लाख पेशी असतील, तर त्या शेवटच्या एका पेशीपर्यंत येण्यास सुमारे वीस वेळा निम्मे व्हावे लागेल. वीस गुणिले ४४ महिने म्हणजे त्र्याहत्तर वर्षांहून अधिक. शिवाय या पेशी अधूनमधून विभागतात आणि प्रत्येक विभाजनाबरोबर विषाणूचा मजकूरही आपोआप दुप्पट होतो. ही घट नव्हे, चक्रवाढच.

औषध थांबवले की बहुतेकांच्या बाबतीत दोन ते चार आठवड्यांत विषाणू रक्तात परततो. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यातील एका बालिकेची हकीकत याबाबतीत बोलकी आहे. जन्मानंतर तीस तासांच्या आत तिच्यावर उपचार सुरू झाले होते. पुढे दीड वर्षाच्या सुमारास ते खंडित झाले, तरी विषाणू आढळेना. २०१३ मध्ये ही बालिका बरी झाली म्हणून जगभर आनंद व्यक्त झाला. औषधाविना सत्तावीस महिने गेल्यावर, २०१४ मध्ये, विषाणू पुन्हा प्रकट झाला. एवढा काळ तो कोठे होता आणि कोणी त्याला उठवले?

निद्रेचे पहारेकरी

या प्रश्नाचा मागोवा घेताना संशोधकांना आपल्याच पेशीच्या अंतर्गत कारभारात शिरावे लागले. विषाणूजवळ स्वतःची यंत्रसामग्री फारच थोडी. वास्तव्याची जागा, मजकुराची नक्कल करणारे यंत्र, ते चालू वा बंद करणारे खटके, हे सारे तो यजमान पेशीकडूनच वापरावयास घेतो.

प्रथम जागेचा प्रश्न. आपल्या पेशीत 'लेडजीएफ' नावाचे एक प्रथिन गुणसूत्राला बिलगून असते. विषाणूचे विकर, म्हणजे एन्झाइम, या प्रथिनाचा हात धरून गुणसूत्रापाशी येते. त्यामुळे विषाणूचा मजकूर बहुधा गजबजलेल्या, कामात असलेल्या जनुकांच्या वस्तीत जाऊन पडतो. आसपास कामकाज चालू असेल तर जाग येण्याचा संभव अधिक. जागा ओसाड असेल तर झोप गाढ.

दुसरा प्रश्न मजकूर उघडा असण्याचा. डीएनएचा धागा हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. काही विकरे ही गुंडाळी सैल ठेवणाऱ्या रासायनिक खुणा पुसून टाकतात. त्यामुळे गुंडाळी घट्ट होते आणि तेथील मजकूर वाचता येत नाही. विषाणूच्या मजकुराच्या आरंभीच असे एक घट्ट रीळ बसलेले असते.

तिसरा पहारेकरी 'एनएफ-कप्पा-बी'. पेशीला धोक्याची वर्दी देणारे हे प्रथिन. पेशी विश्रांत असताना ते केंद्रकाच्या बाहेर दुसऱ्या एका प्रथिनाने जखडून ठेवलेले असते. एखाद्या रोगजंतूची चाहूल लागली की त्याचे बंधन तुटते, ते केंद्रकात शिरते आणि संरक्षणाची जनुके जागी करते. विषाणूच्या मजकुराच्या आरंभी याच प्रथिनाला बसण्यासाठी बैठका तयार असतात. म्हणजे शरीर ज्या घंटेने आपल्या शिपायांना उठवते, त्याच घंटेने विषाणूही उठतो.

चौथे आणि कदाचित सर्वांत महत्त्वाचे म्हणजे 'पी-टेफ-बी' हे प्रथिनांचे जोडपे. मजकुराची नक्कल करणारे यंत्र विषाणूच्या बाबतीत थोडेसे चालून थबकते. त्याला पुढे ढकलण्याचे काम पी-टेफ-बी करते. विश्रांत पेशीत या जोडप्यातील सायक्लिन टी-१ या घटकाचा तुटवडा असतो आणि जे काही असते त्यातील बरेचसे 'हेक्झिम-१' या प्रथिनाने अडकवून ठेवलेले असते. विषाणूचे स्वतःचे 'टॅट' नावाचे एक लहानसे प्रथिन आहे. ते थोडेसे जरी तयार झाले तरी पी-टेफ-बीला सोडवून आपल्या कामाला जुंपते. त्यामुळे नकला वाढतात, त्यांतून आणखी टॅट बनते आणि ठिणगीचा वणवा होतो. उंदराच्या सायक्लिन टी-१ मध्ये मोक्याच्या ठिकाणी एका अमिनो आम्लाचा फरक आहे. तेवढ्यानेच टॅटचे त्याच्याशी जमत नाही. किल्ली किती काटेकोर आहे आणि ती कशी आपल्या प्रथिनाच्या घडणीवर अवलंबून आहे, हे यावरून ध्यानात यावे.

उठवावे की कायमचे निजवावे?

इलाज शोधण्याचे दोन मुख्य मार्ग या ज्ञानातूनच निघाले. पहिला, निद्रिस्त विषाणूला उठवून त्याच्यासह ती पेशी नष्ट करण्याचा. नव्या पेशींना लागण होऊ नये म्हणून नेहमीची औषधे चालू ठेवावयाची आणि साठा उघडा पाडावयाचा. २०१२ मध्ये अमेरिकेत व्होरिनोस्टॅट हे कर्करोगावरील औषध काही रुग्णांना देण्यात आले. हिस्टोनची गुंडाळी सैल राखणारे हे औषध. त्याच्या एकाच मात्रेने विश्रांत पेशींतील विषाणू हालचाल करू लागल्याचे दिसले. पण जागा झालेला विषाणू मरत मात्र नव्हता. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील साठ रुग्णांच्या चाचणीत या औषधाला लसींची जोड देऊनही साठा घटल्याचे आढळले नाही.

अडचण कोठे आहे हे आता सहज लक्षात येईल. ज्या प्रथिनांना हात घालावयाचा ती विषाणूची नाहीत, आपली आहेत. एनएफ-कप्पा-बीची घंटा वाजवली तर दहा लाखांतील एकच पेशी उठेल असे नाही. सारेच शिपाई शस्त्रे घेऊन धावत सुटतील आणि घराचीच मोडतोड होईल. म्हणूनच अधिक नेमक्या साधनांचा शोध चालू आहे. मेलबर्न येथील संशोधकांनी २०२५ मध्ये, करोना लसींत वापरल्या त्या तऱ्हेच्या मेदकणांतून टॅट बनवण्याचा संदेश विश्रांत पेशींत पोचवून दाखवला. विषाणूला त्याच्याच प्रथिनाने उठवावयाचे, बाकीच्या पेशींना धक्का लावावयाचा नाही, अशी ही युक्ती. मात्र हे काम रुग्णांकडून घेतलेल्या पेशींवर प्रयोगशाळेत झाले आहे. प्रत्यक्ष रुग्णावर नव्हे.

दुसरा मार्ग याच्या अगदी उलट : विषाणूला असे निजवावे की तो पुन्हा उठूच नये. समुद्री स्पंजात सापडलेल्या एका द्रव्यापासून घडवलेले एक रसायन टॅटला निकामी करते; मानवी पेशी रुजवलेल्या उंदरांत त्यामुळे विषाणूचे पुनरागमन लांबले. मनुष्यात त्याचा उपयोग सिद्ध व्हावयाचा आहे. परंतु हा मार्ग केवळ कल्पनेतला नाही, याचा पुरावा निसर्गानेच ठेवला आहे. बाधित लोकांपैकी शेकडा एकाहूनही कमी लोक औषधांवाचून विषाणूला ताब्यात ठेवतात. अशा चौसष्ट लोकांच्या पेशींचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील शाबूत विषाणू गुणसूत्रांच्या ओसाड, कुलूपबंद भागांत पडून असल्याचे बरेचदा आढळले. सोयीच्या जागी बसलेला विषाणू त्यांच्या प्रतिकारव्यवस्थेने कालांतराने वेचून काढला असावा आणि उरला तो अडगळीतला, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मग जगात खरोखर बरे झालेले कोणीच नाही काय? आहेत, पण त्यांची संख्या दहाच्या आसपास आहे. त्यांतील पहिला टिमथी रे ब्राउन. रक्ताच्या कर्करोगासाठी २००७ मध्ये बर्लिन येथे त्याच्यावर मूलपेशींचे रोपण करण्यात आले. ज्याच्या पेशींवर 'सीसीआर-५' हे प्रथिन नाही असा दाता त्याच्या डॉक्टरांनी मुद्दाम निवडला होता. हे प्रथिन म्हणजे विषाणूला पेशीत शिरण्याचे दार. ब्राउन २०२० मध्ये कर्करोगाने वारला, पण एचआयव्ही त्याच्याकडे परतला नाही. येथेही निर्णायक ठरले ते यजमानाचेच प्रथिन. मात्र अशा रोपणात जिवाचा धोका एवढा असतो की, कर्करोग नसलेल्या माणसावर ते करणे अनुचित होय. विषाणूचा मजकूर जनुकीय कात्रीने कापून काढण्याचा पहिला मानवी प्रयोगही झाला. तो सुरक्षित ठरला, पण औषधे थांबवलेल्यांत विषाणू परतल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले.

आपला विषाणू, आपली माणसे

किल्ली आपल्या पेशीत आहे हे मान्य केले की एक प्रश्न ओघानेच येतो : 'आपल्या' म्हणजे कोणाच्या? युरोप-अमेरिकेत विषाणूचा 'बी' हा उपप्रकार प्रामुख्याने आढळतो आणि इलाजासंबंधीचे बरेचसे संशोधन त्याच्यावर, त्यातही पुरुष रुग्णांवर झाले आहे. भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत प्राबल्य आहे ते 'सी' या उपप्रकाराचे. जगातील सुमारे निम्मी लागण याच उपप्रकाराची. एनएफ-कप्पा-बीच्या बैठका 'बी' मध्ये साधारणतः दोन, तर 'सी' मध्ये तीन असतात. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रातील उदयकुमार रंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, भारतात चार बैठका असलेले विषाणूही पसरत आहेत आणि बैठका वाढल्या की विषाणूची नक्कलही जोमाने होते. म्हणजे त्याच घंटेला इकडचा विषाणू वेगळा प्रतिसाद देणार. स्त्रियांच्या बाबतीतही असेच आहे. स्त्री-संप्रेरकाला प्रतिसाद देणारे एक प्रथिन विषाणूला दडपून ठेवते आणि त्यामुळे स्त्रियांतील साठा जागा करणे अधिक अवघड ठरते, असे २०१८ मध्ये आढळले. जगातील बाधितांत निम्म्याहून अधिक स्त्रिया आणि मुली आहेत, हे लक्षात घेता हा तपशील किरकोळ म्हणता येणार नाही.

तेव्हा इलाज परदेशात सापडेल आणि आपण तो आणवून घेऊ, ही वृत्ती येथे कामाची नाही. पुण्याजवळ भोसरी येथे १९९२ पासून यासाठी राष्ट्रीय संस्था आहे. दीर्घकाळ औषधे घेणारे लाखो रुग्ण आपल्या सार्वजनिक केंद्रांत नोंदलेले आहेत. सुप्त साठ्याचा अभ्यास आपल्या रुग्णांत, आपल्या उपप्रकारावर, स्त्रियांना बरोबरीने सामावून घेऊन होणे ही चैन नव्हे, ती निकड आहे.

किंमत कोण मोजणार?

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला शेवटी किमतीचा प्रश्न सुटत नाही. जन्मभराची गोळी हा संपत नसलेला हप्ता होय आणि हप्ता भरणाऱ्याचे मन बदलले की काय होते, ते २०२५ च्या जानेवारीत दिसले. अमेरिकेने परदेशी मदत अचानक रोखताच आफ्रिकेतील अनेक देशांतील उपचारकेंद्रे कोलमडू लागली. भारतात २००४ पासून ही औषधे सरकारतर्फे मोफत मिळतात आणि राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्याचा १५ हजार ४७१ कोटी ९४ लाख रुपयांचा भार केंद्र सरकारने स्वतः उचलला, हे आपल्या राज्यकर्त्यांच्या खात्यावर जमा धरले पाहिजे. परंतु हप्ता तो हप्ताच. म्हणून एकदाच होणाऱ्या इलाजाचे मोल मोठे.

तथापि इलाज सापडणे आणि तो मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. संयुक्त उपचार १९९६ मध्ये निघाला. त्याची वार्षिक किंमत दहा ते पंधरा हजार डॉलर होती. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली, तेव्हा कोठे गरीब जगाला जगण्याचा मार्ग मोकळा झाला. मधल्या पाच वर्षांत औषध असूनही माणसे मेली. उद्याचा इलाज जनुकीय असेल, तर आज सिकल-सेल रोगावरील जनुकीय उपचाराची अमेरिकेतील किंमत बावीस लाख डॉलर आहे, हे विसरून चालणार नाही. किमतीचा विचार शोध लागल्यानंतर नव्हे, तो लागत असतानाच व्हावयास हवा.

माझ्या विद्यार्थ्याला मी हे सारे माझ्या परीने समजावून दिले. गोळी बंद होण्याची तारीख आज कोणीही प्रामाणिक माणूस सांगू शकणार नाही. जो सांगेल आणि एड्स हमखास बरा करण्याची जाहिरात देईल तो फसवतो आहे, हे स्पष्टच सांगितले. पण 'आढळले नाहीत' हा शेरा पोकळ नव्हे, हेही सांगितले. ज्याच्या रक्तात विषाणू सातत्याने आढळत नाही, त्याच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे मोठ्या पाहणीतून सिद्ध झाले आहे. त्याच बळावर त्याचा संसार चालला आहे. गोळी त्याचे धरण रिकामे करत नाही, पण दरवाजे बंद ठेवते. गोळी सोडली तर ते उघडावयास तीन आठवडेही पुरतात.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग कागदाची पुन्हा घडी घालून म्हणाला, "म्हणजे शिल्लक आहे, फक्त पासबुकात दिसत नाही." मी म्हटले, "तसेच समज." नऊ वाजत आले होते. त्याने आत जाऊन पाणी मागितले.